जांभळा डाग, थरथरणारं चित्र आणि ‘ट्यूब गेली’ हा निकाल

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. नौपाड्यातलं वडिलांचं डीटीपीचं दुकान आवरताना त्यांचा १९ इंची ट्रिनिट्रॉन (सोनीच्या पद्धतीच्या पिक्चर ट्यूबचा, म्हणजे जुना सीआरटी) मॉनिटर तुम्ही जुने गेम खेळायला म्हणून ऐरोलीच्या फ्लॅटवर आणलात. दुकानात तो शेवटपर्यंत नीट चालत होता. आता उजव्या खालच्या कोपऱ्यात जांभळट डाग आहे, सगळं चित्र एका अंगाला जरासं कललंय, संध्याकाळी सात-साडेसातनंतर ते थरथरायला लागतं, आणि पांढऱ्या पानावर दोन बारीक आडव्या रेषा दिसतात. मेनूतलं डीगॉस, म्हणजे चुंबकत्वाने पडलेले डाग घालवायची सोय, दाबून काही झालं नाही. मेकॅनिकने एक नजर टाकून ‘ट्यूब गेली, एलसीडी घ्या’ म्हणून सांगितलं. तुमचा संशय मात्र खिडकीतून दिसणाऱ्या हाय टेन्शनच्या तारांवर आहे.

मला दोन्ही पटत नाही, ना ट्यूब, ना तारा. तुम्ही ज्याला एक बिघाड समजताय ते चार वेगवेगळे प्रकार आहेत, आणि त्यातला एक तर बिघाडच नाही. ठाण्यात मॉनिटर दुरुस्तीत मी बरीच वर्षं घालवली. तेव्हापासून पहिला प्रश्न एकच विचारत आलोय: ही तक्रार मॉनिटरची आहे की जागेची? मॉनिटर उचलून दुसऱ्या खोलीत नेला तर तक्रार त्याच्याबरोबर जाते की इथेच राहते? पेचकस हातात घेण्याआधी याचं उत्तर मिळालं की निम्मं काम झालं. पंचवीसेक किलोचा डबा हलवायचा कंटाळा येतो हे मान्य. म्हणूनच बहुतेकांना ‘ट्यूब गेली’ म्हणणं सोपं जातं.

रेषांचं आधी निकालात काढतो. ट्रिनिट्रॉनमध्ये पडद्यामागे भोकं पाडलेला पत्रा नसतो, उभ्या ताणलेल्या बारीक धातूच्या पट्ट्या असतात. त्या थरथरू नयेत म्हणून त्यांच्यावरून आडव्या बारीक तारा बांधलेल्या असतात. १५ इंचाला एक, १७ इंच आणि त्याहून मोठ्याला दोन. तुम्हाला दिसतायत त्या या तारांच्या सावल्या. पांढरं पान उघडा आणि मॉनिटरच्या बाजूला हलकी थाप मारा. रेषा क्षणभर थरथरल्या की खात्री पटली. वडिलांनी त्या रोज पाहिल्या असणार आणि विसरूनही गेले असणार.

आता डाग. तो समजायला आत काय चालतं ते थोडं बघावं लागेल. ट्यूबच्या मानेतून इलेक्ट्रॉनचे तीन झोत निघतात. काचेच्या आतल्या बाजूला लाल, हिरव्या, निळ्या फॉस्फरच्या, म्हणजे झोत पडला की चमकणाऱ्या लेपाच्या, पट्ट्या ओळीने असतात, आणि लाल रंगासाठीचा झोत लाल पट्टीवरच पडेल ही जबाबदारी त्या धातूच्या पट्ट्यांची. एका रंगाच्या पट्टीपासून त्याच रंगाच्या पुढच्या पट्टीपर्यंतचं अंतर साधारण पाव मिलिमीटर. म्हणजे झोत केसभर सरकला तरी लालचा थोडा भाग शेजारच्या रंगावर पडतो आणि डाग दिसतो.

झोत सरकायला काय लागतं? फार नाही. अशा मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉन साधारण २५ हजार व्होल्टच्या जोरावर धावतो, तरी फूटभर अंतरात नुसतं पृथ्वीचं चुंबकत्व त्याला तीनेक मिलिमीटर बाजूला ओढू शकतं. पट्ट्यांच्या अंतराच्या दहापट! म्हणून ट्यूबच्या आत लोखंडी पत्र्याचं कवच असतं, कंपन्या उत्तर गोलार्धासाठी, दक्षिण गोलार्धासाठी आणि विषुववृत्ताजवळच्या देशांसाठी मॉनिटर वेगवेगळे जुळवून पाठवत, आणि म्हणूनच डीगॉस नावाची सोय असते.

डीगॉस म्हणजे आतलं सगळं चुंबकत्व पुसून शून्य करणं, असं बरेच मेकॅनिकही समजतात. प्रत्यक्षात ट्यूबभोवतीच्या कॉइलमधून जोरदार एसी करंट जातो आणि एक-दोन सेकंदांत विरत जातो. तो विरताना आतलं कवच आणि पट्ट्या त्या जागेच्या चुंबकत्वाशी जुळवून घेतात, असं की बाहेरचं आणि त्यांचं मिळून आत जवळपास काही उरू नये. म्हणजे डीगॉस हा जागेशी केलेला करार आहे. मॉनिटरची जागा किंवा तोंड बदललं की जुना करार रद्द. नौपाडा ते ऐरोली या अंतरात पृथ्वीचं चुंबकत्व काही बदलत नाही. बदलली ती मॉनिटरची दिशा आणि आजूबाजूचं लोखंड.

दिशेचं महत्त्व आपल्याकडे जरा जास्तच आहे. युरोपात पृथ्वीचं क्षेत्र बरंचसं उभं, जमिनीत घुसणारं असतं. आपण विषुववृत्ताच्या जवळ, त्यामुळे मुंबई-ठाण्याच्या भागात त्याचा आडवा, उत्तर-दक्षिण भाग उभ्या भागाच्या साधारण दुप्पट आहे. मॉनिटर उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड करून ठेवला की हा आडवा भाग ट्यूबच्या आसाच्या रेषेत येतो आणि चित्राला पीळ देतो. तुमचं चित्र कललंय ते मला याचंच लक्षण वाटतं. पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असेल तर तोच भाग झोताला वर किंवा खाली ढकलतो. ट्रिनिट्रॉनच्या पट्ट्या उभ्या असल्यामुळे वर-खाली सरकल्याने रंग बिघडत नाहीत. शक्य असेल तर टेबल असं लावा की पडद्याचं तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला येईल. खिडकीचा उजेड पडद्यावर पडतो ही तक्रार मग घरातले करतील, ती तुम्ही निस्तरा.

पण एकाच कोपऱ्यातला डाग नुसत्या दिशेने सहसा होत नाही. त्याला जवळचं काहीतरी लागतं. उजवीकडे स्पीकर आहे का? टेबलाखाली वूफर? लोखंडी रॅक, कपाट, पत्र्याचं टेबल? जुन्या कॉम्प्युटरबरोबर मिळणाऱ्या स्पीकरमध्ये उलटा जोडलेला दुसरा चुंबक असायचा, त्यामुळे बाहेर फारसं काही सांडत नसे. आजच्या म्युझिक सिस्टीमच्या स्पीकरकडून ती अपेक्षा ठेवू नका, कारण बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आता सीआरटी नाहीच. पत्र्याचं कपाट स्वतः चुंबक नसलं तरी भोवतीचं क्षेत्र वाकवतं. एका शाळेच्या कॉम्प्युटर रूममध्ये ओळीतल्या फक्त शेवटच्या मॉनिटरला हिरवट डाग पडायचा. मॉनिटर बदलले, डाग त्याच जागी. त्या टेबलाला लागून वह्यांचं लोखंडी कपाट होतं. कपाट दोन हात सरकवलं, मॉनिटर डीगॉस केला, सुंठेवाचून खोकला गेला.

यासाठी मोबाइल कामाला येतो. बहुतेक फोनमध्ये होकायंत्रासाठी चुंबकत्व मोजणारी चिप असते आणि तिचे आकडे दाखवणारी मोफत अ‍ॅप्स मिळतात. ठाण्याच्या मोकळ्या मैदानात साधारण ४० ते ४५ मायक्रोटेस्ला दिसायला हवेत. फोनचं मॅग्नेटवालं कव्हर काढा, मॉनिटर बंद करा आणि तो ठेवलाय त्या जागेच्या आजूबाजूने फोन हळूहळू फिरवा. आकडा कुठे एकदम ८०-१००च्या पुढे गेला किंवा २०च्या खाली आला, तर तिथे लोखंड किंवा चुंबक आहे. ऐरोलीतल्या नव्या इमारतींच्या आरसीसी भिंतींतल्या सळया भिंतीजवळ थोडा फरक दाखवतीलच. तेवढ्याने घाबरू नका.

आता तुमच्या डीगॉसकडे. ‘काही झालं नाही’ म्हणजे नेमकं काय, ते मला कळायला हवं. बटण दाबल्यावर ‘धप्प’ असा आवाज येऊन चित्र गदागदा हलतं आणि स्थिरावतं का? मॉनिटर थंड असताना चालू केल्यावरही तोच आवाज यायला हवा. आवाज येतो पण डाग जात नाही, ही एक गोष्ट. आवाजच येत नाही, ही दुसरी.

आवाज येत नसेल तर मी सगळ्यात आधी पोझिस्टरवर संशय घेईन. नखाएवढ्या-दोन नखांएवढ्या काळ्या प्लास्टिकच्या डबीत एक-दोन गोळ्या असतात. थंड असताना त्यांचा विरोध थोडका असतो, करंट धो-धो जातो. त्या तापल्या की विरोध वाढतो आणि करंट आपोआप विरतो. डीगॉसला हवं असलेलं हे विरणं याच गोळ्या करतात. वर्षानुवर्षं तापून-निवून त्या तडकतात, आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत त्यांचे कॉन्टॅक्ट गंजतात. कधीकधी डबी काढून हलवली की आतला खुळखुळ आवाजच निदान सांगतो. किरकोळ पार्ट आहे. त्यासाठी कोणी ‘ट्यूब गेली’ म्हणत असेल तर त्याला मॉनिटर उघडायचाच नव्हता, इतकंच.

यातच एक मेख आहे. गोळ्या गरम असताना पुन्हा डीगॉस दाबलं तर जवळपास काहीच होत नाही. तुम्ही डाग दिसला म्हणून पाच-सहा वेळा लागोपाठ दाबलं असेल तर पहिल्या वेळचाच काय तो उपयोग झाला. वीस मिनिटं ते अर्धा तास जाऊ द्या, मग एकदाच दाबा. आणि स्पीकर, वूफर, लोखंडी सामान आधी दूर करून मग दाबा. वूफर शेजारी ठेवून डीगॉस केलंत तर करार वूफरसकट होतो. मग वूफर हलवला की नवा डाग.

आतल्या कॉइलने डाग फिका झाला पण गेला नाही, तर बाहेरून हाताची डीगॉस कॉइल फिरवावी लागेल. जुन्या टीव्ही मेकॅनिककडे अजून सापडते, मोठ्या बांगडीच्या आकाराची, टेपने गुंडाळलेली, एका अंगाला दाबून धरायचं बटण. पद्धत अशी: मॉनिटर चालू, पडदा पूर्ण लाल. कॉइल पडद्यापासून दोन-तीन फुटांवर असतानाच बटण दाबायचं, मग जवळ आणायची. पडद्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग उसळतात, त्याला बिचकायचं नाही. पडद्यासमोर हळूहळू गोल फिरवत मधून कडेला, कोपऱ्यांत, मग वरच्या-बाजूच्या कडांवरून न्यायची. आणि आता घाई न करता, फिरवत फिरवत मागे सरकायचं, पाच-सहा फुटांपर्यंत. तिथे पोचल्यावर कॉइल पडद्याला काटकोनात वळवायची आणि मग बटण सोडायचं. सगळी कसब या मागे सरकण्यात आहे. जवळ असताना बोट सुटलं तर होतं त्याच्यापेक्षा मोठा डाग तुम्हीच करून ठेवाल. कॉइल मिनिटभरात तापते, तेव्हा मध्ये विश्रांती द्या. खिशातलं एटीएम कार्ड, हातातलं घड्याळ, टेबलावरची हार्ड डिस्क दुसऱ्या खोलीत.

जुन्या टीव्हीतून काढलेली डीगॉस कॉइल सरळ प्लगला लावायचा सल्ला कोणी देईल. लावू नका. ती कॉइल पोझिस्टरच्या भरवशावर क्षणभर चालण्यासाठी असते, सतत करंट दिला तर जळते. आणि घरातला चुंबक घेऊन डागावर ‘उलटा’ फिरवायचा प्रयोग तर मुळीच नको. ते हात दाखवून अवलक्षण. हार्ड डिस्कमधून निघालेले निओडिमियमचे तुकडे इतके जोरदार असतात की आतल्या पट्ट्या किंवा पत्रा कायमचा वाकू शकतो. मग कुठलंही डीगॉस कामाचं नाही.

तसंच, नेताना-आणताना टेम्पोत मॉनिटर आपटला असेल तर? ही शक्यता मी नाकारत नाही. ट्यूबची मान आणि योक (मानेवर बसवलेली, झोत वळवणारी कॉइल) यांच्यामध्ये रबराच्या पाचरी असतात, त्यांचा गोंद वयाने सुकलेला असतो आणि धक्क्याने पाचर निसटते. तसं झालं तर रंगीत डागापेक्षा अक्षरांच्या कडांना लाल-निळी किनार जास्त दिसेल, आणि ती मॉनिटर कुठेही, कसाही फिरवला तरी तशीच राहील. पट्ट्याच विस्कटल्या असतील तर डागही तसाच राहील. तेव्हा मात्र मेकॅनिकचं म्हणणं मान्य करावं लागेल. पण आधी सगळ्या पडद्यावर लाल रंग आणा, अर्धा तास तापू द्या, डागाचा फोटो घ्या, मग मॉनिटर ९० अंशांत फिरवून, थंड करून डीगॉस करा आणि पुन्हा फोटो घ्या. डाग हलला किंवा बदलला तर ट्यूब ठणठणीत आहे.

कललेल्या चित्रासाठी हे सगळं उरकल्यावर मेनूतलं रोटेशन वापरा. आधी नाही. नाहीतर दोनदा करावं लागेल.

आता थरथर, जिच्यात माझा जीव जास्त रमतो. डाग हे स्थिर चुंबकत्वाचं काम. थरथर हे बदलत्या चुंबकत्वाचं, आणि घरात बदलतं चुंबकत्व म्हणजे ५० हर्ट्झची वीज. पंख्याची पाती ट्यूबलाइटच्या उजेडात उलटी किंवा थबकत फिरताना दिसतात ना, तसाच हा दोन वेगांच्या फरकाचा खेळ आहे. मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र काढतो, बाहेरचं क्षेत्र ५० वेळा झुलतं, फरक १०. म्हणून चित्र सेकंदाला १० वेळा हेलकावतं, आणि तो वेग डोळ्याला नेमका टोचतो. रिफ्रेश रेट ७५ केला तर हेलकावे २५ होतात, ८५ केला तर ३५. थरथर मग बारीक होऊन अक्षरं नुसती किंचित पुसट वाटतात. तर तुमची पहिली चाचणी ही: थरथर चालू असताना सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट बदला. थरथरीचा वेग बदलला, तर विजेशी संबंध नक्की. मॉनिटरच्या स्वतःच्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर सुकले असतील तरी असंच काहीसं होतं, म्हणून दुसरी चाचणी: मॉनिटर जागच्या जागी ९० अंशांत फिरवा. क्षेत्र बाहेरचं असेल तर थरथरीचा रोख किंवा जोर बदलतो. कपॅसिटरला दिशेचं सोयरसुतक नसतं. शिवाय तुमची थरथर घड्याळ बघून येते. कपॅसिटर संध्याकाळी सातची वाट बघत नाहीत.

आणि तारा? ऐरोली-कळवा पट्ट्यात हाय टेन्शनच्या तारांची दाटी आहे हे खरं, म्हणून तिथल्या प्रत्येक गोष्टीचं खापर त्यांच्यावर फुटतं. पण उच्चदाबाच्या लाइनमध्ये तीन फेज असतात आणि थोडं लांब गेलं की त्यांची क्षेत्रं एकमेकांना बरीचशी मारतात. १९ इंची पडद्यावर थरथर जाणवायला साधारण १ मायक्रोटेस्ला ५० हर्ट्झचं क्षेत्र लागतं. लाइन शंभर-दीडशे मीटरवर असेल तर तेवढं पोचायची शक्यता कमी. खिडकीला खेटून असेल तर गोष्ट वेगळी, ते तुम्ही लिहिलेलं नाही. तशी असेल तर खिडकीजवळ थरथर जास्त आणि आतल्या खोलीत कमी दिसेल. करून बघा.

मला संशय आहे तो मॉनिटरच्या पाठीमागच्या भिंतीवर. तिच्यापलीकडे काय आहे? इमारतीची वीज वर नेणारा डक्ट? शेजाऱ्यांच्या एसीचा स्टॅबिलायझर? की तुमचाच इन्व्हर्टर? वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात चित्र मधूनच नाचायचं, मधूनच दगडासारखं स्थिर. भिंतीला हात लावून उभा राहिलो तेव्हा पलीकडून गुंजन यायचं, आणि ते सुरू झालं की पडद्यावरचे रकाने डोलायचे. पलीकडे वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर ठेवलेला. त्यांनी आधी मॉनिटरला अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळून पाहिली होती. ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला पातळ फॉइल, लाकूड, विटा, काहीच अडवत नाही. त्यासाठी म्यू-मेटलसारखा खास मिश्रधातू लागतो, आणि त्याच्या किमतीत चांगला सेकंडहँड मॉनिटर येईल. टेबल समोरच्या भिंतीला लावलं, प्रश्न संपला.

स्रोत कुठल्या जातीचा आहे हे अंतरावरून कळतं. ट्रान्सफॉर्मर, मोटर, इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर अशा वस्तूचं क्षेत्र अंतर दुप्पट केलं की साधारण आठव्या हिश्शावर येतं. म्हणजे मॉनिटर दोन-तीन फूट सरकवला आणि थरथर गायब झाली, तर कारण एखादी वस्तू. खोलीभर सरकवूनही ती नुसती कमी-कमी होत गेली, तर वायरिंग. नीट केलेल्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल शेजारून जातात, जाणारा आणि येणारा करंट सारखा, त्यामुळे क्षेत्र लगेच विझतं. पण कोणी दोन सर्किटचे न्यूट्रल एकमेकांत मिसळले, किंवा न्यूट्रल आणि अर्थ कुठे जोडले, तर करंट एका वाटेने जातो आणि दुसऱ्याच वाटेने परत येतो. मग सगळी खोलीच त्या फेऱ्याच्या आत सापडते आणि क्षेत्र अंतराबरोबर लवकर ओसरत नाही. संध्याकाळी एसी, गीझर चालू झाले की ते वाढणार. इलेक्ट्रिशियनकडे क्लॅम्प मीटर (वायर जबड्यात धरून करंट मोजणारा) असेल तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र त्याच्या जबड्यात घ्यायला सांगा. आकडा शून्याच्या जवळ हवा. तसा नसेल तर मॉनिटर राहू द्या बाजूला, आधी वायरिंग दुरुस्त करा. ते धोक्याचं आहे.

फोनची चिप ५० हर्ट्झचं क्षेत्र भरवशाने दाखवत नाही. त्यासाठी एक जुनी युक्ती. घरात कॅसेटचा वॉकमन पडला असेल तर कॅसेट न घालता प्ले दाबा, इअरफोन लावा, आणि वॉकमन भिंतीवरून फिरवा. त्याचं हेड अशा क्षेत्राला ‘हूं…’ करून दाद देतं. जिथे आवाज वाढतो तिथे स्रोत.

रेल्वेचंही सांगून टाकतो, कारण उत्तर वाचणाऱ्यांत कोपरी, कळव्याचे लोक असणार. आपल्या लोकल पूर्वी १५०० व्होल्ट डीसीवर चालत. ठाणे स्टेशनच्या पूर्वेला रुळांना लागून असलेल्या एका टायपिंगच्या ऑफिसात चित्र थरथरत नसे, सरकत असे. लोकल सुटली की पानाचा समास केसभर बाजूला जाऊन सावकाश परत यायचा. त्यांना तो व्हायरस वाटत होता. डीसीचा हजारो अँपिअर करंट रुळांतून परत जायचा, त्यातला काही जमिनीतून वाट काढायचा, आणि गाडीच्या वेगाबरोबर कमी-जास्त व्हायचा. मध्य रेल्वेची आपली बाजू २०१५ पर्यंत आणि हार्बर २०१६ मध्ये २५ हजार व्होल्ट एसीवर गेली. तेव्हापासून रुळांजवळ सरकण्याऐवजी थरथर दिसली तर नवल नको. हा त्रास मॉनिटरपेक्षा खूप जुना आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालायची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर ती मोजणी बिघडेल म्हणून १९०४मध्ये अलिबागला वेगळी वेधशाळा उभारली. ट्राम १९०७मध्ये धावल्या. हे काम आज पाहणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय तुमच्याच नवी मुंबईत, नव्या पनवेलला आहे.

तर करायचं काय, क्रमाने. रेषा विसरा. पडद्याचं तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला करा, स्पीकर आणि लोखंड दूर. मॉनिटर रात्रभर बंद ठेवून सकाळी चालू करा आणि धप्प आवाज ऐका. लाल पडद्यावर डागाचे आधी-नंतरचे फोटो घ्या. संध्याकाळी थरथर सुरू झाली की रिफ्रेश रेट बदला, मॉनिटर फिरवा, मग दोन-तीन फूट पुढे ओढा. एरवीही ८५ वर ठेवा, डोळ्यांना बरं.

यात कुठेही मॉनिटर उघडायचा नाही. ट्यूबच्या पाठीवर रबरी टोपीखाली जे कनेक्शन असतं तिथे २५ हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते बराच वेळ टिकतात. पोझिस्टर बदलायचं काम सीआरटीवर हात बसलेल्या माणसाकडूनच करून घ्या. वय झालेले, टीव्ही दुरुस्त करणारे कोणी गल्लीत असतील तर ते नव्या लॅपटॉपवाल्यांपेक्षा बरे. त्यांना ‘डीगॉस होत नाही, पोझिस्टर बघा’ एवढंच सांगा. नवा पार्ट लॅमिंग्टन रोडवर मिळू शकतो. पण जाताना जुना बरोबर न्या, कारण दोन पायांचा आणि तीन पायांचा असे दोन्ही येतात, बाहेरून सारखे दिसतात, आणि चुकीचा बसवला तर कॉइलमध्ये करंट शिल्लक राहून चित्र कायमच किंचित थरथरत राहील. मग तुम्ही पुन्हा भिंतीला कान लावून बसाल.